आय आणि ऐ : स्कॉट्समधला एक छोटा शब्द कसा ओळखायचा, कसा लिहायचा

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला राहायला आलो, त्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडून मला विचारलं, "इज यर मॅन ऐ इन डंडी?" माझा नवरा तेव्हा डंडीत नोकरीला होता आणि शुक्रवारी रात्री घरी यायचा. 'ऐ' म्हणजे नेहमी, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी सरळ सांगितलं, "नाही, शनिवार-रविवार इथेच असतो." आजींनी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं की त्याला नवी नोकरी कुठे मिळाली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो नेहमी डंडीत असतो का, असं त्यांनी विचारलंच नव्हतं. तो अजून डंडीतच आहे का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला मी 'नाही' म्हणून बसले होते.

त्यानंतर काही वर्षांनी मी एका छोट्या स्थानिक संग्रहासाठी जुन्या माणसांच्या आठवणींची ध्वनिमुद्रणं ऐकून ती कागदावर उतरवायला लागले. आठवड्यातून एक सकाळ, कानाला हेडफोन लावून. पहिल्याच तासात हा शब्द वीसेक वेळा आला असेल, आणि तो कसा लिहायचा हे मला दर वेळी थांबून ठरवावं लागलं. त्या सवयीतून जे हाती आलं ते इथे मांडते. स्कॉटलंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्यांना ते बोलताना उपयोगी पडेल, आणि स्कॉट्स मजकूर वाचणाऱ्या किंवा मराठीत आणणाऱ्यांना लिहिताना. सगळं देवनागरीत लिहिते आहे, त्यामुळे रोमन स्पेलिंग अक्षरांची नावं घेऊन सांगेन. ए-वाय-ई हे तिअक्षरी, ए-वाय हे दुअक्षरी.

आधी एक खुलासा. स्कॉट्स म्हणजे गेलिक नव्हे. गेलिक ही केल्टिक कुळातली भाषा. स्कॉट्स इंग्रजीची सख्खी बहीण, जुन्या अँग्लो-सॅक्सन बोलीतून वाढलेली. २०११ च्या जनगणनेत तिच्याबद्दल पहिल्यांदा प्रश्न विचारला गेला, आणि २०२२ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येतं असं नोंदवलं. तिला सक्तीचं असं एकच प्रमाण स्पेलिंग नाही. आपल्याकडे शुद्धलेखनाचे नियम हाताशी असतात, तशी सोय इथे नाही. म्हणून लिहिणाऱ्याने स्वतः विचार करून निवड करायची आणि मग ती पाळायची.

कानाने सुरुवात करा

मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत. एकाचा अर्थ 'हो'. दुसऱ्याचा अर्थ 'नेहमी' किंवा 'अजून'. कागदावर आज ते बहुतेक वेळा सारखेच दिसतात, दोन्ही तिअक्षरी. पण पारंपरिक उच्चारात ते वेगळे आहेत, आणि मराठी कानाला हा फरक पकडणं अजिबात अवघड नाही, कारण आपल्या लिपीत दोन्हींसाठी वेगवेगळी सोय आधीपासून आहे.

'हो' वाला शब्द म्हणजे आय. 'गाय', 'पाय' म्हणताना तोंड जसं आ करून उघडतं, तसा.

'नेहमी' वाला शब्द म्हणजे ऐ. 'पैसा', 'ऐक' यांतला ऐ. सुरुवात आखूड 'अ'ने, तोंड फारसं न उघडता.

हा फरक फक्त या दोन शब्दांपुरता नाही. स्कॉटलंडमध्ये 'टाइड' (भरती-ओहोटी) आणि 'टाइड' (बांधलेलं) हे दोन शब्द वेगळे ऐकू येतात. लंडनच्या माणसाच्या तोंडून ते एकसारखे येतात. ॲबर्डीनचा माणूस भरतीला जवळपास 'टैड' म्हणतो आणि बांधलेल्याला 'टाय्ड'. भाषाशास्त्रात याला एटकिनचा नियम म्हणतात. जुन्या स्कॉट्सच्या महाकोशाचे संपादक ए. जे. एटकिन यांच्या नावावरून तो ओळखला जातो. मी सुरुवातीला रोज या दोन शब्दांवर कान बसवला. बस थांब्यावर, दुकानात, रेडिओवर. चार-पाच दिवसांत 'ऐ' आणि 'आय' आपोआप सुटे ऐकू यायला लागले.

ऐ लक्षात ठेवायला तीन शब्दांची माळ बरी पडते: ऐ, वै, गै. 'वै' म्हणजे रस्ता किंवा रीत, 'गै' म्हणजे बऱ्यापैकी, चांगलंच. 'गै कॉल्ड' म्हणजे चांगलीच थंडी. तिन्हींचा स्वर एकच.

डंडीत मात्र कान पुन्हा नव्याने लावावा लागतो. तिथल्या बोलीत 'आय' हा स्वर आखूड 'ए'कडे वळतो. मांस भरलेल्या पायला तिथे 'पे' म्हणतात, 'मी'ला 'ए', आणि 'हो'लाही 'ए'. नवरा पहिल्या महिन्यात घरी फोन करून म्हणायचा की इथले लोक मला प्रत्येक वाक्यानंतर पुन्हा प्रश्न विचारतात. ते 'ए?' असा प्रश्न विचारत नव्हते, 'ए' म्हणजे हो म्हणत होते.

अर्थासाठी 'कायम' हा शब्द वापरून पाहा

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण माझी चूक इथेच झाली होती.

इंग्रजीत 'नेहमी' आणि 'अजून' यांसाठी दोन स्वतंत्र शब्द लागतात. स्कॉट्स 'ऐ' दोन्ही कामं एकट्याने करतो. इंग्रजीच्या वाटेने या शब्दाकडे गेलात तर प्रत्येक वेळी फाटा लागतो. मराठीच्या वाटेने गेलात तर लागत नाही, कारण आपल्याकडे 'कायम' आहे. 'तो कायम उशिरा येतो' यात कायम म्हणजे नेहमी. 'त्याचं मत कायम आहे' यात कायम म्हणजे अजून तेच, बदललेलं नाही. दोन्ही अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना आहे: न तुटता चालू राहणं. 'ऐ'ची मूळ कल्पनाही हीच.

आता आजींचा प्रश्न पुन्हा घ्या. 'इज यर मॅन ऐ इन डंडी?' याचं मराठी: 'तुझ्या नवऱ्याचा मुक्काम डंडीत कायम आहे ना?' लगेच उमगतं की विचारणारीला बदल झालाय का ते जाणून घ्यायचंय.

आणखी काही वाक्यं. 'शीज ऐ ऑन द फोन': ती सारखी फोनवर असते. यात किंचित तक्रार आहे, आपल्या 'सारखी'मध्ये असते तेवढीच. 'आर यी ऐ ॲट द स्कूल?' : अजून शाळेतच आहेस का? पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला मोठी माणसं असं विचारतात, आणि त्याला 'मी रोज जातो' हे उत्तर चालत नाही. 'अल ऐ माइंड दॅट डे': तो दिवस माझ्या कायम लक्षात राहील. स्कॉट्समध्ये 'माइंड' म्हणजे आठवणं.

वाक्यातली जागा ठरलेली आहे. 'आहे'च्या अर्थाचं क्रियापद असेल तर ऐ त्याच्यानंतर येतो, इतर मुख्य क्रियापदांच्या आधी येतो. 'हीज ऐ लेट', पण 'ही ऐ कम्ज लेट'. नकारात 'नो' आधी आणि ऐ नंतर: 'हीज नो ऐ लेट', म्हणजे तो दर वेळी उशिरा येतो असं नाही. 'अजून आला नाही' असं म्हणायचं असेल तर ऐ वापरू नका, तिथे 'येट' लागतो: 'हीज नो हियर येट'.

संदर्भाशिवाय काही वाक्यं दोन्हीकडे झुकतात. 'इज इट ऐ रेनिन?' याचा अर्थ 'अजून पडतोय का?' असाही होतो आणि 'सारखा पडत असतो का?' असाही. खिडकीकडे बघत विचारलं असेल तर पहिला, नकाशाकडे बघत विचारलं असेल तर दुसरा. भाषांतर करताना मी अशा ठिकाणी मागची-पुढची चार वाक्यं वाचल्याशिवाय शब्द ठरवत नाही.

म्हणींमध्ये ऐ फार सुंदर बसतो. 'अ गॉन फिट्स ऐ गेटिन': चालत्या पायाला काही ना काही मिळतंच. जुन्या रूपात या म्हणीला शेपूटही आहे, 'मग तो काटा का असेना'. 'फूल्स आर ऐ फॉन्ड ओ फ्लिटिन': मूर्खाला सारखी घर बदलायची हौस. 'फ्लिटिन' म्हणजे बिऱ्हाड हलवणं. आणि दक्षिणेकडे, इंग्लंडच्या सीमेलगतच्या हॉइकसारख्या गावांत, दर उन्हाळ्यात घोड्यावरून गावशिवेची फेरी निघते. तिथे एखादी प्रथा अशीच का, असं विचारलंत की उत्तर येतं, 'इट्स ऐ बीन'. हे असंच चालत आलंय. हे तीन शब्द तिकडे जवळजवळ नामासारखे वापरले जातात. परंपरेवरच्या वादात दोन्ही बाजू त्यांचा आधार घेतात.

या शब्दाचं मूळ सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ऐ आला जुन्या नॉर्समधून, उत्तरेकडून आलेल्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेतून. त्याच्या मागे जात राहिलं की लॅटिनमधला 'युग' अर्थाचा शब्द लागतो, ग्रीकमधला लागतो, आणि शेवटी संस्कृत 'आयुस्'. म्हणजे आपलं 'आयुष्य' आणि आजींचा 'ऐ' एकाच मुळाच्या फांद्या आहेत. मला हे कळलं त्या दिवशी मी आजींना मुद्दाम जाऊन सांगितलं. त्यांनी 'आयुष्य' हा शब्द माझ्याकडून चार वेळा म्हणून घेतला. गंमत अशी की आयुष्यात 'आय' दिसतो, पण नातं आहे ते 'ऐ'शी. 'हो' वाल्या शब्दाशी त्याचा संबंध जोडू नका.

हो म्हणताना

'हो' वाला आय सोपा आहे. वाक्याच्या सुरुवातीला येतो, मागे स्वल्पविराम असतो. एकट्या स्कॉटलंडचाही तो नाही. इंग्लंडच्या उत्तरेत, उत्तर आयर्लंडमध्ये, जहाजांवर आणि लंडनच्या कनिष्ठ सभागृहाच्या मतदानातही तो आहे. खुद्द स्कॉटिश संसदेत मात्र मतदानाचा शब्द 'येस'च.

मराठी माणसाने एक गोष्ट सांभाळायची. 'तू येत नाहीयेस ना?' याला आपण 'हो' म्हणतो, म्हणजे 'हो, येत नाहीये'. स्कॉट्समध्ये नकारार्थी प्रश्नाला 'आय' म्हटलंत तर समोरचा धरून चालेल की तुम्ही येताय. न येणाऱ्याने 'नो' किंवा ग्लासगोकडे 'नॉ' म्हणावं.

'आय, राइट' हे दोन शब्द एकत्र, लांबवून आले तर त्याचा अर्थ 'मुळीच नाही, माझा विश्वास नाही' असा होतो. दोन होकारांचा एक नकार. ग्लासगोच्या ग्रंथोत्सवाचं नाव याच उच्चारावर बेतलेलं आहे, फक्त 'राइट' तिथे 'लिही' या अर्थाचा आहे. ईशान्येकडे 'आय, आय' हे दोनदा म्हटलं की तो नमस्कार असतो, आणि मागून 'फिट लाइक?' म्हणजे 'कसं काय?' येतं. इथल्याच काही वयस्क माणसांचा 'आय' श्वास आत घेताना येतो. हेडफोनमध्ये तो दचकल्यासारखा वाटतो, पण तो शांत होकार आहे. मी तो नेहमीसारखाच लिहिते आणि कंसात 'श्वास आत' अशी नोंद करते.

'ऑख आय द नू' कुणालाही म्हणू नका. स्कॉटिश माणूस दाखवायला बाहेरच्यांनी रूढ केलेलं ते वाक्य आहे, आणि ज्यांना शाळेत 'आय' म्हटल्याबद्दल वर्गात सुनावलं गेलं त्या पिढीला ते लागतं. 'येस म्हण' असं ऐकत कितीतरी मुलं वाढली. माझ्या ध्वनिमुद्रणांत एक आजोबा मुलाखतीच्या सुरुवातीला 'येस' म्हणत राहतात आणि बोटींचा विषय निघाला की एकदम 'आय'वर येतात. हा बदल कागदावर दिसलाच पाहिजे. 'आय'च्या जागी 'येस' लिहून मजकूर स्वच्छ करण्याचा मोह कुणी करू नये.

लिहिताना काय निवडायचं

आजचा सर्वसाधारण व्यवहार: दोन्ही शब्दांना तिअक्षरी. वर्तमानपत्रात, फलकांवर, फोनवरच्या संदेशांत हेच दिसेल. २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात मतपत्रिकेवर 'येस' आणि 'नो' होते, पण लोकांच्या कोटांवरच्या बिल्ल्यांवर तिअक्षरी 'आय'ही होता. साधा मजकूर लिहीत असाल तर तिअक्षरी लिहा, कुणी चूक म्हणणार नाही.

ज्यांना उच्चार आणि अर्थ वेगळे ठेवायचे असतात ते 'हो'ला तिअक्षरी आणि 'नेहमी'ला दुअक्षरी लिहितात. माझ्या उतरवलेल्या मजकुरात मी हीच पद्धत ठेवली आहे. वाचणाऱ्याला आवाज ऐकू येणार नसतो, त्याला हा फरक डोळ्यांनी तरी मिळावा. पहिल्या पानावर एका ओळीत ही पद्धत सांगून टाकते.

पण जुना छापील मजकूर हातात आला तर या वाटणीवर भिस्त ठेवू नका. जुन्या इंग्रजी पुस्तकांत नेमकी उलटी वाटणी सापडते: 'हो'ला दुअक्षरी, 'सदासर्वकाळ'ला तिअक्षरी. शिवाय इंग्रजी काव्यातल्या त्या 'सदासर्वकाळ'चा उच्चार परंपरेने 'डे'शी यमक जुळणारा 'ए' असा होतो, स्कॉट्ससारखा 'ऐ' नव्हे. त्याहून मागे, सोळाव्या शतकाच्या शेवटी, 'हो' चक्क एका अक्षराने लिहायचे, 'मी' या अर्थाच्या मोठ्या आय अक्षराने. २०११ च्या जनगणनेच्या वेळी लोकांना स्कॉट्स ओळखता यावी म्हणून जे संकेतस्थळ निघालं त्याचं नाव 'आय कॅन' होतं, तिअक्षरी आय घालून. 'मी करू शकतो' आणि 'हो, येतं मला' हे दोन्ही त्यात ऐकू येतात.

दोन सापळे. ए-ई अशी जोडी दिसली तर तो वेगळाच शब्द आहे. त्याचा अर्थ 'एक', आणि तो नामाच्या आधी येतो. घाईत वाचताना मी तो दोनदा 'नेहमी' म्हणून घेतला आहे. दुसरा सापळा वरच्या स्वल्पविरामाचा. काही स्कॉट्स शब्दांवर 'इंग्रजीतलं अक्षर इथे गळलंय' असं दाखवायला तो देण्याची जुनी सवय आहे. आपल्या शब्दातून काहीच गळलेलं नाही, त्यामुळे त्याच्या अंगावर असलं चिन्ह कधीच येत नाही. 'इट्स ऐ'मधलं चिन्ह 'इट्स'चं आहे. ग्लासगोकडे 'ऐवेज' असं लांब रूपही भेटेल, अर्थ 'नेहमी'च.

अडलात तर कोश उघडा. अठराव्या शतकापासून पुढच्या स्कॉट्सचा दहा खंडांचा राष्ट्रीय कोश १९३१ ते १९७६ या काळात निघाला. त्याआधीच्या भाषेचा बारा खंडांचा कोश १९३१ ते २००२ या काळात. दोन्ही २००४ पासून एकाच संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. शोधताना दुअक्षरी आणि तिअक्षरी दोन्ही टाकून पाहा, आणि व्याख्येवर न थांबता खालची उदाहरणं वाचा. राष्ट्रीय कोशात बहुतेक उदाहरणांशेजारी परगण्याचं लघुरूप आणि वर्ष असतं. ॲबर्डीनच्या मच्छीमाराचं बोलणं उतरवताना मी ॲबर्डीन आणि बॅन्फची उदाहरणं आधी बघते, एडिनबराची नंतर.

दुसऱ्याचं लिखाण समोर असेल तर स्पेलिंगला हात लावू नका, लेखकाने एकाच पानावर दोन्ही वापरली असली तरीही. आपली पद्धत आपल्या मजकुरापुरती.

आणि कुणी 'फूज यर डूज?' असं विचारलं तर घाबरू नका. 'तुझी कबुतरं कशी आहेत?' असा त्याचा शब्दशः अर्थ, म्हणजे 'कसं चाललंय?' ठरलेलं उत्तर आहे 'ऐ पेकिन', दाणे टिपणं चालूच आहे. इथे 'ऐ' आखूड आला पाहिजे. 'आय पेकिन' म्हटलंत तर अर्थ कळेल, पण ठेका जाईल.

मागच्या महिन्यात एका ध्वनिमुद्रणात मुलाखत घेणारी मुलगी एका वृद्ध मच्छीमाराला विचारते, अजून जाळी दुरुस्त करता का. तो म्हणतो, "आय, ऐ ॲट इट." मी आधी तिअक्षरी दोनदा लिहून टाकलं, आणि वाचून पाहिलं तर ते जहाजावरच्या हुकुमाला दिलेल्या उत्तरासारखं दिसत होतं. ती ओळ पुन्हा तीन वेळा ऐकली. पहिला स्वर गायीतला, दुसरा पैशातला. मग पहिला तिअक्षरी ठेवला, स्वल्पविराम दिला, आणि दुसऱ्याचं शेवटचं ई खोडलं.